नाण्यामागची ग्रंथी

गालो एन्दाराला हॉस्पिटलात सगळे 'दोन तास' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं आणि हरकतही नव्हती. कीटो शहराच्या चढावर असलेल्या त्या हॉस्पिटलाच्या तळमजल्यावर, अगदी टोकाला, गॅमा कॅमेऱ्याची खोली होती आणि तिथं तंत्रज्ञ म्हणून त्याची एकतीस वर्षं गेली होती. डॉक्टर आले आणि गेले, कॅमेरेही तीन बदलले. गालो तिथंच राहिला.

'दोन तास' हे नाव पडलं ते गळ्याच्या फोटोंमुळे. माणसाच्या गळ्यात थायरॉइडच्या मागं मसुराच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी चिकटलेल्या असतात. पॅराथायरॉइड म्हणतात त्यांना. रक्तातलं कॅल्शियम राखायचं, एवढंच त्यांचं काम. पण त्यातली एखादी माजली की हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडत बसते. हाडं ठिसूळ होतात, मूत्रपिंडात खडे होतात, माणूस दमतो, कशात मन लागत नाही, आणि घरचे म्हणतात, वय झालं आता. माजलेली ग्रंथी कापून काढली की सगळं थांबतं. मात्र कापायच्या आधी ती कुठं बसली आहे ते कळायला हवं, आणि खरी मेख तिथंच आहे.

गालोची रीत अशी. हातातून किरणं सोडणारं एक औषध टोचायचं. दहा मिनिटांत थायरॉइड आणि माजलेली ग्रंथी, दोघी ते पिऊन घेतात आणि कॅमेऱ्यात उजळतात. तो पहिला फोटो. मग दोन तास थांबायचं. तेवढ्यात थायरॉइड औषध सोडून देते. माजलेली सोडत नाही. दुसऱ्या फोटोत जी उरते, ती आपली.

"जत्रा उठू दे," तो पेशंटांना सांगायचा, "मैदानात मागं कोण रेंगाळतो ते मग दिसेल."

लोक कुरकुरत. कुणाला बस गाठायची असे, कुणाची पोरं शाळेतून सुटायची असत. दीड तासात उरका म्हणून वरच्या मजल्यावरचे डॉक्टरही फोन करत. गालो घड्याळाकडे बोट दाखवायचा आणि गप्प बसायचा. तो विधुर होता, मुलगी स्पेनला गेलेली, आणि रविवारी तो आपल्या वस्तीत तिघा-तिघांच्या व्हॉलीबॉलला पंच म्हणून उभा राहायचा. एकदा शिट्टी वाजवली की वाजवली. चेंडू आत पडला की बाहेर, यावरून त्या मैदानात डोकी फुटली होती, पण गालोनं दिलेला निर्णय गालोनं फिरवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्याचा त्याला अभिमान होता. आपली चूक होऊ शकते हे त्याला मान्य होतं. झालेली मात्र कधी आठवत नव्हती.

निवृत्तीला तीन महिने उरले असताना तार्खेलिया पेरुगाची त्याच्याकडे दुसऱ्यांदा आली.

ती ओताव्हालोजवळच्या गावची, छप्पन्न वर्षांची. तिथल्या बाजारात भरतकाम केलेले झगे विकायची. अंगात पांढराशुभ्र भरतकामाचा झगा, कमरेला गडद निळं वस्त्र, आणि गळ्यात वाल्का, म्हणजे सोनेरी मण्यांच्या माळा. वीस-बावीस पदर असतील. तिच्या गावच्या बाया त्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. सोबत मुलगी होती, नोएमी. हातात फायलींचा गठ्ठा.

गठ्ठ्यात आठ वर्षं होती. आधी खडे, मग हाडांचं दुखणं, मग रक्तात कॅल्शियम जास्त. मग गालोकडचे पहिले फोटो, त्यात काही दिसलं नाही. मग सोनोग्राफीत एक गाठ दिसली, ऑपरेशन झालं, अर्धी थायरॉइड काढली. गाठ निघाली साधी. डोंगरातल्या जुन्या माणसांच्या गळ्यात अशा गाठी पैशाला पासरी. मिठात आयोडीन नव्हतं त्या काळात जन्मलेल्या बायांच्या थायरॉइडा म्हणजे बटाट्याचं शेत. सोनोग्राफीवाल्यानं कुठला बटाटा खरा मानायचा? माजलेली ग्रंथी होती तिथंच राहिली. त्यानंतर पुन्हा खडे, चार वेळा. गेल्या साली पीठ मळता मळता मनगट मोडलं.

आता सर्जन होत्या डॉक्टर प्रोआन्यो. वयानं लहान, जीभ तिखट. त्यांनी तार्खेलियाला आणि गालोला एकत्रच बसवून सांगितलं.

"हे बघा आई, एकदा उघडलेला गळा म्हणजे चिकटलेली पुस्तकाची पानं. त्यात आवाजाची नस कुठं दडलीय ते दिसत नाही. मी चाचपडत शिरले तर तुमचा आवाज जाईल. म्हणून मी शिरणारच नाही. दोन वेगवेगळ्या तपासांनी एकाच जागी बोट ठेवलं, तरच."

"आणि नाही ठेवलं तर?" नोएमीनं विचारलं.

"तर गोळ्या. आणि हाडं जपायची."

तार्खेलिया एवढंच म्हणाली, "माझा आवाज गेला तर मी बाजारात काय खुणा करू? घासाघीस काय हातवाऱ्यांनी होते होय?"

सोनोग्राफी पुन्हा झाली. उरलेल्या अर्ध्या थायरॉइडमध्ये एक बटाटा, बाकी काही नाही. छातीच्या हाडामागं सोनोग्राफीला दिसत नाही, हाड आड येतं. मग गालोची पाळी.

आदल्या दिवशी त्यानं सवयीप्रमाणे जुने फोटो काढले. आठ वर्षांपूर्वीचे, दोन हजार अकराचे, त्यानंच घेतलेले. गळा अगदी स्वच्छ आला होता. निदान लिहिलं होतं: माजलेली ग्रंथी दिसत नाही. फॉर्मवर त्याच्याच ठसठशीत अक्षरात होतं: दागिने काढले, होय. त्यानं फोटो उजेडावर धरला. खालच्या कडेला, छातीचं हाड सुरू होतं तिथं, एक फिकट गोल होता. अगदी गोल. माणसाच्या अंगात इतकं गोल काही नसतं. तो बराच वेळ बघत राहिला, मग फोटो पाकिटात घालून घरी गेला. कॅमेरा जुना होता, तो मनाशी म्हणाला, काचेवर डाग असेल. पण हे त्याचं त्यालाच पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तार्खेलियाला पडद्याआड पाठवलं. "गळ्यातलं सगळं काढा, बाई."

सोनेरी पदर एकेक करून उतरले. नोएमीनं ते ओच्यात घेतले. तार्खेलिया बाहेर येऊन कॅमेऱ्याच्या फळीवर आडवी झाली आणि तिचा उजवा हात झग्याच्या गळ्याशी गेला. तिथं तो घट्ट मिटला.

"तिथं काय आहे?" गालोनं विचारलं.

"काही नाही."

"दागिना?"

"दागिना कसला. दागिने काढले की." ती रागावल्यासारखी झाली. "हे आजीनं बांधलंय. मी चार वर्षांची असताना ओढ्यात पडले आणि भ्याले. तीन दिवस बोलले नाही. जीव अंगातून निसटला होता, आजीनं तो हाका मारून परत आणला आणि हे बांधून टाकलं. हे काढत नसतात."

"बघू तरी."

तिनं दोन बोटांनी झग्यातून वर काढलं. तांबड्या पोवळ्यांचा एक पदर, मणी हरभऱ्याएवढे, आणि मधोमध एक जुनं चांदीचं नाणं, घासून गुळगुळीत झालेलं. नाणं नेमकं छातीच्या हाडाच्या वरच्या टोकावर येत होतं.

चांदीतून कॅमेऱ्याला दिसत नाही. पोवळ्यातूनही अंधूकच.

"मागच्या वेळी होतं का हे?"

"मग कुठं जाणार? तुम्ही विचारलंच नव्हतं. दागिने काढा म्हणालात, काढले."

त्यानं खरंच विचारलं नव्हतं. परक्या बाईच्या झग्यात डोकावायचं नाही, एवढी रीत तो पाळत होता, आणि फॉर्मवर 'होय' लिहून मोकळा झाला होता. सगळा देश पालथा घालून झाला होता, खडे फोडून, गळा कापून, हाडं मोडून. आणि काखेत कळसा.

वरच्या मजल्यावर फोन लावला तर डॉक्टर प्रोआन्यो म्हणाल्या, "राहू द्या ना मग. आताचा कॅमेरा गोल फिरतो. मागून दिसेल."

"सीटीही याच मशीनवर काढायचाय, डॉक्टर. नाण्याच्या भोवती फराटे उठतील. तुम्हाला जिथं बोट ठेवायचंय नेमकं तिथं. आठ वर्षांपूर्वी असंच 'राहू द्या' झालंय."

फोन ठेवून तो परत आला. औषध टोचायचं होतं, तयार होतं, आणि ते फार वेळ टिकत नाही.

"बाई, हे काढावं लागेल. वीस मिनिटं आता, मग तुम्ही परत घाला. दोन तासांनी पुन्हा वीस मिनिटं."

"नाही."

"मी खिडकीवर ठेवतो, तुमच्या नजरेसमोर."

"हे खाली ठेवत नसतात. अंगावरच असावं लागतं. माणसाच्या अंगावर. खाली ठेवलं की जीव सुटा होतो." ती उठून बसली. "नसेल जमत तर मी जाते. गोळ्या घेते."

"नोएमी घालेल," गालो म्हणाला. "तुमच्याच पोटची पोर."

नोएमी दारात उभी होती. ती दोन पावलं मागं सरली. "मी नाही घालणार. आमच्या पास्टरनी सांगितलंय, असलं काही अंगाला लावायचं नाही. आई, तुला किती वेळा सांगितलं, हे सगळं थोतांड आहे."

"तू गप्प बस. तुझा पास्टर आला होता का मला ओढ्यातून काढायला?"

"देवानं काढलं तुला."

"देवानं काढलं, आजीनं बांधलं. दोघांचं पटत होतं. तुमचंच पटत नाही."

मायलेकींचं हे भांडण जुनं दिसत होतं, आणि दोघीही त्यात तरबेज होत्या. गालोनं घड्याळ पाहिलं. मग त्यानं पांढऱ्या कोटाचं वरचं बटण सोडलं.

"मी घालतो. चालेल?"

तार्खेलिया त्याच्याकडे बघत राहिली. कीटोची गोरी म्हणवणारी माणसं तिला आयुष्यभर 'ए मारिया' म्हणत आली होती. तिचं नाव मारिया नव्हतं. त्यांच्यातल्या एकानं आजीची माळ गळ्यात घालतो म्हणावं, हे तिला नवं होतं.

"कोटावरून नाही चालणार," ती शेवटी म्हणाली. "आतून. कातडीला लागलं पाहिजे."

"आतून."

"आणि हसायचं नाही."

"मी कामावर हसत नाही, बाई. कुणालाही विचारा."

तिनं गाठ सोडली. बावन्न वर्षांत, तिच्या म्हणण्याप्रमाणे, दोरा बदलताना सोडून ती गाठ कधी सुटली नव्हती. माळ तिनं त्याच्या हातात दिली नाही. वाकायला लावून स्वतःच त्याच्या गळ्यात बांधली. मणी तिच्या अंगाच्या उबेनं गरम होते.

पहिला फोटो झाला. गालो जाड काचेमागं उभा राहिला, गळ्यात पोवळी, मान ताठ. नाणं चांगलंच जड होतं. फोटोत उरलेली अर्धी थायरॉइड उजळली, तिच्यातला बटाटाही उजळला. आणि खाली, हाडामागं, एक ठिपका. पहिल्या फोटोवरून बोलायचं नसतं.

माळ परत तिच्या गळ्यात गेली. दोन तास मायलेकी आवारात बसल्या, भाजलेला मका खाल्ला, आणि एकमेकींशी बोलल्या नाहीत. गालोला पाच मिनिटं आधी फोन आला, लवकर उरका, पुढचा पेशंट आहे. त्यानं ठेवून दिला. बरोबर दोन तासांनी माळ पुन्हा त्याच्या गळ्यात आली.

कॅमेरा गोल फिरला. थायरॉइड विरून गेली होती. बटाटा अर्धवट मावळला होता. खालचा ठिपका होता तसाच होता, ठळक, हट्टी. सीटीत त्याच जागी, हाडामागं, वालाच्या दाण्याएवढी गोळी. ही ग्रंथी गळ्यात कधी नव्हतीच. जन्माआधी उतरता उतरता चुकून छातीत गेली होती आणि तिथंच मुक्काम करून बसली होती. आठ वर्षांपूर्वी नाणं नेमकं तिच्यासमोर होतं.

जुना फोटो, नवा फोटो आणि फॉर्म घेऊन तो डॉक्टर प्रोआन्योंच्या खोलीत गेला. मायलेकी तिथंच होत्या. डॉक्टर खूश झाल्या. दोन तपासांचं एकाच जागी बोट! छातीच्या बाजूनं, दुर्बिणीनं जाता येईल, जुन्या गळ्यात शिरायलाच नको. आवाजाचा धोका पुष्कळ कमी झाला. नाही असं नाही, नस तिथूनही जाते, पण कमी.

"शाबास, गालो," त्या म्हणाल्या.

इथं गालोला गप्प बसता आलं असतं. जुना फोटो पाकिटात होता. निवृत्तीला तीन महिने होते. तो गोल कुणी पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तरी कुणाला कळला नसता. त्याला हे सगळं दिसत होतं, आणि त्याला भीतीही वाटत होती. त्यानं पाकीट उघडलं.

"शाबासकी नको, डॉक्टर. हा गोल बघा. हे नाणं आहे. मी तेव्हा पाहिलं नाही. दागिने काढले असं लिहिलं. ही ग्रंथी तेव्हाही तिथंच असणार. दिसली असती तर बाईंचा गळा कापला नसता." मग तो तार्खेलियाकडे वळला. "चूक माझी होती."

नोएमीनं आईचा हात धरला. तार्खेलियानं फोटो हातात घेतला, त्या गोलावर अंगठा ठेवला, मग दुसऱ्या हातानं गळ्यातलं नाणं चाचपलं.

"आठ वर्षं," ती म्हणाली.

"होय."

"मला पुष्कळ बोलायचंय तुमच्याशी. आता नाही बोलत. रागानं आवाज फुटतो, आणि डॉक्टर म्हणतात आवाज जपा." तिनं फोटो टेबलावर ठेवला. "ऑपरेशन होऊ दे. आवाज राहिला तर येऊन बोलीन."

ऑपरेशन नीट झालं. ग्रंथी निघाली, त्याच दिवशी तिच्या स्रावाचा रक्तातला आकडा कोसळला, आठवड्यात कॅल्शियम जागेवर आलं. हे गालोला प्रयोगशाळेतून कळलं. त्यानं रोज जाऊन विचारलं होतं. पण आवाज बसला होता. नस दुखावली असेल, डॉक्टर प्रोआन्यो म्हणाल्या, परत येईल, बहुतेक. हा 'बहुतेक' गालोला घरी गेल्यावरही सोडत नसे. एका रविवारी मैदानात त्यानं चेंडू बाहेर म्हणून शिट्टी मारली आणि लगेच म्हणाला, "थांबा. आत होता. चुकलो." खेळाडू इतके गोंधळले की खेळच थांबला. सहाच्या सहा जण त्याला बरं आहे ना म्हणून विचारत राहिले.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, तो खोलीत कागद आवरत होता. बाहेर बाकांवर वीसेक माणसं बसली होती. आणि बाहेरून हाक आली.

"कुठाय तो दोन तासवाला?"

गालो दारात आला. तार्खेलिया मधोमध उभी होती, सोनेरी पदर सगळे गळ्यात, मनगट सरळ, गाल भरलेले. नोएमी मागं, लाजेनं अर्धी झालेली.

"हा बघा!" तार्खेलिया बाकांवरच्या लोकांना म्हणाली. "नीट बघून घ्या. या माणसानं माझी आठ वर्षं खाल्ली. माझ्या गळ्यात एवढं मोठं नाणं, आणि याला दिसलं नाही! आंधळ्याला बाजारात बसवलं तर तोसुद्धा हात लावून बघतो! चार वेळा खडे पडले मला, चार वेळा! लेकीच्या लग्नात मी खाटेवर होते. नाचले नाही. माहेरची माणसं म्हणाली, तार्खेलियाला जावई पसंत नाही!"

नर्स धावत आली. गालोनं तिला हातानं थांबवलं. तो ऐकत होता. शब्द सगळे लागत होते, खोलवर लागत होते, आणि त्यातला एकही खोटा नव्हता. पण त्याहून बारकाईनं तो दुसरंच ऐकत होता. खालचा सूर भरीव होता. वर चढताना कुठं चिरकत नव्हता. 'चार वेळा'ला तर छतावरची काच थरथरली.

गलबल्यानं डॉक्टर प्रोआन्यो जिना उतरून आल्या. "काय चाललंय इथं?"

"आवाजाची तपासणी, डॉक्टर," गालो म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज मात्र नीट येईना. "उत्तम आहे."

"मध्ये बोलू नकोस!" तार्खेलिया म्हणाली. इतके दिवसांचं 'तुम्ही' तिनं केव्हाच सोडलं होतं. "माझं अजून झालेलं नाही. बस तिथं."

पेशंटांच्या बाकावर एका म्हाताऱ्यानं सरकून जागा करून दिली. गालो बसला. तिनं दम घेतला आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात केली.